जुन्या मंदिरास नवी जोड : बेळगाव-निपाणी मुलखातील एक प्रवास

कोल्हापूर मागे टाकून दक्षिणेची वाट धरली, की कागलपाशी दूधगंगा आडवी येते. नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे कर्नाटक. नदीला मात्र या वाटणीची वार्ता नाही. दोन्ही काठांवर तोच ऊस, तीच काळी माती आणि बांधावर बसून भाकरी सोडणारी तीच माणसे. रस्त्याच्या पाट्यांवरील लिपी बदलते, कानावर पडणारी बोली बदलत नाही. पुढे यमगर्णीस वेदगंगा ओलांडून आम्ही निपाणीत शिरलो.

निपाणी हे तंबाखूच्या पेठेचे गाव. विड्या वळून संसार चालविणाऱ्या स्त्रियांचे आणि तंबाखू पिकवून भावाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांचे हे गाव. १९८१ साली या शेतकऱ्यांनी हमरस्त्यावर ठाण मांडून रास्त भावासाठी आंदोलन केले, आणि त्या एप्रिल महिन्यात गोळीबार होऊन बारा शेतकरी प्राणास मुकले, ही गोष्ट येथील जाणती माणसे अजून हळू आवाजात सांगतात. या मुलखात पैसा कष्टाने येतो. म्हणूनच येथे देवाच्या नावाने एखादी भिंत उभी राहिली, तर तिच्यातील प्रत्येक दगडाला कोणाच्या तरी घामाची ओल असते. पुढील हकीकत वाचताना वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आमच्या या प्रवासास एक निमित्त होते. आमच्या परिचयाच्या अनेक धर्मग्रामांत हल्ली एकच प्रश्न चर्चेस येतो. मंदिर लहान पडते, सणावाराला निम्मी माणसे उन्हात उभी राहतात. मग जुने पाडून नवे बांधावे, की जुन्याला जोड द्यावी? आणि जोड द्यावयाची तर बांधकाम चालू असता उपासना कोठे करावी? मंदिर दोन वर्षे बंद ठेवावे, की उघडे ठेवून काम करावे? हा प्रश्न केवळ विटा-चुन्याचा नाही, असे आमचे मत होतेच. या प्रवासाने ते दृढ झाले.

निपाणी सोडल्यावर तवंदीचा घाट लागतो. घाटाच्या कुशीत स्तवनिधीचे जैन तीर्थक्षेत्र आहे. पुढे हिरण्यकेशीच्या काठचे संकेश्वर मागे पडते. येथपर्यंत रस्त्याच्या कडेला घरे दिसतात ती काळ्या पाषाणाची. बेळगाव जवळ येऊ लागले की मातीचा रंग पालटतो. काळी जमीन तांबडी होते आणि काळ्या दगडाच्या जागी जांभ्याचे चिरे दिसू लागतात. हा फरक प्रवाशाच्या डोळ्यांना सुखवितो, पण बांधणाऱ्याला तो नीट समजून घ्यावा लागतो. काळा पाषाण पाणी आत येऊ देत नाही. जांभा सच्छिद्र असतो. तो खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की टणक होतो, आणि वर्षानुवर्षे पावसाचा मारा उघड्या अंगावर झाला की झिजू लागतो. बेळगावास वर्षाकाठी सुमारे पन्नास इंच पाऊस पडतो, आणि पश्चिमेस घाटाकडे सरकावे तसतसा तो वाढत जातो.

बेळगाव (२०१४ पासून सरकारी दप्तरी ‘बेळगावी’) हे नगर स्वतःच जोडकामाचा एक नमुना आहे. किल्ल्यात तेराव्या शतकाच्या आरंभीची कमल बस्ती आहे. कॅन्टोन्मेंटात १८६९ सालचे सेंट मेरीज हे अँग्लिकन परंपरेतील दगडी मंदिर आहे. १८५६ साली स्थापन झालेली सेंट पॉल्स शाळा आहे. मराठी, कन्नड, कोकणी आणि उर्दू या चारही भाषा बाजारात एकाच दुकानाच्या दारात ऐकू येतात. आपल्या बेळगाव धर्मप्रांताचा जन्मही जोडणीतूनच झाला. १९५३ साली, १९ सप्टेंबर रोजी, गोव्याच्या महाधर्मप्रांताचा काही भाग व पुणे धर्मप्रांताचा काही भाग एकत्र करून हा धर्मप्रांत निर्माण करण्यात आला, आणि मायकल रॉड्रिग्ज हे त्याचे पहिले महागुरुस्वामी झाले. फातिमा मातेचे मंदिर हे त्याचे महामंदिर. पुढे १९७६ साली कारवारचा भाग वेगळा निघाला. दोन भिन्न परंपरांची माणसे एका छताखाली आणावयाची म्हणजे काय, हे या धर्मप्रांताने अनुभवले आहे.

बेळगावच्या पश्चिमेस एका खेड्यात आम्ही मुक्काम केला. गाव लहान असून तेथील मंदिर जांभ्याचे आहे. भिंती दोन हात जाड, छप्पर मंगळुरी कौलांचे, दोन्ही अंगांना तीन तीन कमानदार खिडक्या. बहुतेक कुटुंबे शेतकरी. मुलेबाळे पुण्यास, गोव्यास, आखातात गेलेली. ती सणाला परत येतात तेव्हा मंदिरात पाय ठेवावयास जागा उरत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक पडवीवजा दालन जोडण्याचे काम चालले होते. आम्ही पोहोचलो तो शनिवार होता. बायका मंदिर झाडीत होत्या. धुळीपासून राखण्यासाठी पवित्र मरियेच्या मूर्तीवर घातलेले धुवट वस्त्र दोन मुलींनी अलगद उतरविले, क्रूसाच्या वाटेची चित्रे पुसून पुन्हा खिळ्यांना लावली, आणि बांबूच्या तट्ट्यावर ताडपत्री घट्ट ताणून बांधकामाचा भाग झाकला. दर शनिवारी दुपारी काम थांबते व सोमवारी सकाळी पुन्हा सुरू होते. रविवारची मिस्सा एकदाही चुकली नाही, असे प्रमुख धर्मगुरूंनी आम्हांस सांगितले.

गवंडी शेजारच्या गावांतील. त्यांत हिंदूही होते आणि मुसलमानही. मंदिराची दुपारची घंटा झाली की ते हत्यारे खाली ठेवून भाकरीला बसत. त्यांतील म्हाताऱ्या मुकादमाने आम्हांस सारे काम हिंडून दाखविले. ते इतके शहाणपणाचे होते, की त्याची हकीकत थोडी विस्ताराने द्यावीशी वाटते.

पहिली गोष्ट पायाची. जुन्या भिंतीला लागून नवा पाया खणावयाचा तर चर सलग खणू नये. चार हात खणावे, बांधून वर आणावे, मग मध्ये जागा सोडून दुसरे चार हात खणावे. सबंध लांबीचा चर एकदम उघडा केला, तर जुन्या भिंतीच्या पायाखालची माती कडेला सरकू लागते आणि शंभर वर्षे उभी असलेली भिंत एका पावसात तडकते.

दुसरी गोष्ट सांध्याची. नव्या भिंतीचे दगड जुन्या भिंतीत गुंतवावयाचे नाहीत. जुनी इमारत बसावयाची तेवढी बसलेली असते, नवी अजून बसावयाची असते. दोघींना आधीच घट्ट बांधले, तर नवी खाली जाताना जुनीला ओढते. म्हणून मध्ये बोटभर सांधा मोकळा ठेवावयाचा आणि एकदोन पावसाळे गेल्यावर तो मऊ चुन्याने भरावयाचा. मुकादम हसून म्हणाला, “महाराज, नव्या सुनेला घरात रुळू द्यावं लागतं. पहिल्या दिवशीच किल्ल्या देऊन चालत नाही, आणि दाराबाहेर उभी करूनही चालत नाही.”

तिसरी गोष्ट पाण्याची. जुन्या छपराचे पाणी आजवर मोकळ्या अंगणात पडत होते, आता ते नव्या छपरावर पडणार. दोन छपरे मिळतात त्या खोलगट जागी रुंद पन्हळ घातली नाही, तर गळती नेमकी दोन्ही इमारतींच्या मधोमध होते आणि दोन्ही भिंती ओल धरतात. मृगापूर्वी पन्हळ पुरी झालीच पाहिजे, अशी त्याची अट होती.

चौथी गोष्ट गिलाव्याची. जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापण्याचा मोह पुष्कळांस होतो. ते लवकर सुकते, गुळगुळीत दिसते आणि स्वस्तही पडते. परंतु जांभ्याच्या भिंतीत शिरलेली ओल सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही. ती आत कोंडते, आणि काही वर्षांत गिलावा पापुद्र्यांनी सुटतो, तो जांभ्याचा थर घेऊनच. चुन्याची भिंत श्वास घेते, असे जुने गवंडी म्हणत. विज्ञानही आज तेच सांगते.

हे सर्व मतभेदावाचून घडले असे मात्र नाही. खरा वाद पेटला तो आतील भिंतीवरून. दालने बाहेर उभी राहिली, तरी ती मंदिराशी जोडावयाची कशी? तरुणांचे म्हणणे, दोन्ही भिंती काढून टाकाव्यात, लोखंडी खांब द्यावेत, म्हणजे सर्वांस वेदी दिसेल. दिसत नसेल तर वाढवून उपयोग काय? त्यांचे म्हणणे चूक नव्हते. व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा जो दस्तऐवज प्रसिद्ध केला, त्याचा गाभाच हा, की श्रद्धावंतांनी मिस्सा बाहेरून पाहत न राहता तीत मनःपूर्वक व सक्रिय भाग घ्यावा. उलट बाजूस गावातील एक वयोवृद्ध गृहस्थ होते. त्यांच्या आजोबांनी खाणीतून चिरे बैलगाडीने वाहून आणले होते. त्यांचे म्हणणे एवढेच, की भिंत गेली म्हणजे मंदिर गेले. राहील ते मंगल कार्यालय.

अखेर तोड मुकादमानेच सुचविली. खिडकीवर कमान आहेच, आणि वरचा भार ती कमानच पेलते. खिडकीखालची भिंत तेवढी काढली की खिडकीचे दार होते. वरच्या एकाही दगडास हात लावावा लागत नाही. वेदीजवळची दोन दारे तेवढी रुंद करावी, तीही एका बाजूचे काम पुरे झाल्यावर दुसऱ्या बाजूचे, वर लोखंडी तुळया देऊन. अशाने दालनांतील सर्वांना नव्हे, पण बहुतेकांना वेदी दिसेल. तरुणांस हे थोडे वाटले, त्या वृद्धांस फार वाटले. तरी दोघांनीही मान्य केले. सीमाभागातील माणसांना तडजोडीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

काम अर्धे झाले असता ते वृद्ध गृहस्थ वारले. त्या दिवसाची हकीकत धर्मगुरूंनी सांगितली ती अशी. शवपेटी परांच्यांच्या मधून आत आणली. गाव लोटले होते आणि मंदिर भरून गेले. उत्तरेकडील पहिली खिडकी आदल्याच आठवड्यात उघडून दार झाली होती, पण तीवर ताडपत्री होती. बाहेर माणसे उन्हात उभी आहेत, हे पाहून गवंड्यांनी आपण होऊन ताडपत्री सोडली, वाळूचे ढीग बाजूस ओढले आणि माणसांना दालनात घेतले. जमीन कच्ची, डोक्यावर कौले पुरती चढलेली नाहीत. तेथे उभे राहून लोकांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली. नव्या दालनाचा पहिला उपयोग झाला तो असा. मंदिर त्या वर्षी बंद असते, तर त्यांची अंत्यविधीची मिस्सा शाळेच्या वर्गात झाली असती आणि ज्या भिंतीसाठी ते भांडले तिची सोबत त्यांना अखेरच्या दिवशी लाभली नसती. धर्मगुरू एवढे बोलून थांबले. आम्हीही अधिक विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही खानापूरमार्गे निघालो. खानापूरची माती कौलांसाठी व मडक्यांसाठी नावाजलेली. तेथून आडवाटेने हलशीस गेलो. हे एके काळी कदंबांच्या राजवटीचे मोठे ठाणे होते. तेथील भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत. ११६९ सालच्या शिलालेखात या देवस्थानास दिलेल्या दानाचा उल्लेख आहे, तर भूवराहाच्या मूर्तीची प्रतिष्ठापना ११८६-८७ साली तिसऱ्या विजयादित्याने केली. म्हणजे पूजाअर्चा चालू असलेल्या देवस्थानास दुसऱ्या मूर्तीची जोड मिळाली ती पहिल्याला न हलविता. या भूमीला हा प्रश्न आठशे वर्षांपासून ठाऊक आहे, हे पाहून आम्हांस मोठे नवल वाटले.

पुढे रामनगर, अनमोडचा घाट आणि मोले उतरून आम्ही गोव्यात आलो. जुन्या गोव्याची बॉम जेझुस बासिलिका कोणास ठाऊक नाही? १५९४ साली तिचा आरंभ झाला आणि १६०५ साली तिचे अभिषेचन झाले. भिंती जांभ्याच्या. दर्शनी भागाचा काळा दगड मात्र दूर उत्तरेकडून, आपल्या वसईहून आणलेला. ज्या भक्तासाठी जग येथे लोटते, त्या संत फ्रान्सिस झेवियरचे सुंदर संगमरवरी समाधिपीठ मूळ इमारतीत नव्हते. टस्कनीचा अधिपती तिसरा कोसिमो याने ते अर्पण केले, फ्लॉरेन्सच्या फोजिनीने ते घडविले, आणि १६९८ साली प्लाचिदो रामपोनी नावाच्या कारागिराने समुद्रमार्गे येथे येऊन ते उभारले. म्हणजे मंदिर बांधून जवळजवळ शतक लोटल्यावर, चालत्या मंदिरात. उत्तरेकडील भिंतीस टेकू देणाऱ्या आधारकमानीही मागाहूनच्या. आज त्या पाहून कोणास परकेपणा वाटत नाही. १९५० च्या दशकात मात्र या इमारतीच्या अंगावरील जुना गिलावा काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून उघडा जांभा पावसात झिजतो आहे. जुन्यात भर घालणे धोक्याचे, असे आपण म्हणतो. काढून घेणे त्याहून धोक्याचे असू शकते.

तेथून जवळच ऑगस्टिनियन मठाच्या मनोऱ्याचा भग्नावशेष आहे. १८३५ साली व्रतस्थांना तो मठ सोडावा लागला. १८४२ साली मंदिराचे छत कोसळले, १९३१ साली दर्शनी भाग व अर्धा मनोरा पडला. ज्या मंदिरात रोज दिवा लागत नाही, त्याची गळती कोणाच्या दृष्टीस पडत नाही. दगडाला माणसांची उपस्थिती चुन्याइतकीच लागते. मात्र त्या मठाची मोठी घंटा वाचली. काही वर्षे ती आग्वादच्या दीपगृहात होती. १८७१ साली ती पणजीच्या पवित्र मरियेच्या मंदिरास मिळाली आणि तिच्यासाठी तेथील मधले घंटाघर वाढविण्यात आले. त्या मंदिराचे आजचे रूप आपण चित्रांत पाहतो, त्यात सतराव्या शतकाची भिंत आहे, एकोणिसाव्या शतकातील पायऱ्या आहेत आणि एका मेलेल्या मंदिराचा जिवंत आवाज आहे.

एवढ्यावरही कोणी म्हणेल, की ही लहान लहान उदाहरणे झाली. तर मग रोमचे पाहा. संत पेत्राचे जुने मंदिर कॉन्स्टन्टाइनच्या काळचे. परमगुरुस्वामी दुसरे ज्यूलिअस यांनी १५०६ साली नव्याचा पाया घातला आणि नव्याचे अभिषेचन १६२६ साली झाले. मध्ये एकशेवीस वर्षे गेली. या काळात उपासना थांबली नाही. १५३८ साली जुन्या व नव्या भागांच्या मध्ये एक आडवी भिंत घालण्यात आली, आणि भिंतीच्या एका अंगास घुमट उभा राहत असता दुसऱ्या अंगास, उरलेल्या जुन्या मंदिरात, भाविक सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत प्रार्थना करीत राहिले. ती दगडी भिंत आणि त्या खेड्यातील ताडपत्री यांचे काम एकच.

हे सारे पाहून आम्ही जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो. ज्या धर्मग्रामास आपले मंदिर वाढवावयाचे आहे, त्याने प्रथम मंदिर बंद न ठेवता काम कसे होईल, हे विचारावे. बंद ठेवल्याने काम लवकर होते, खर्चही कदाचित वाचतो, आणि भिंतच धोकादायक झाली असेल तर बंद ठेवणे हेच कर्तव्य होय. पण लोकांची रविवारची वाट एकदा मोडली, म्हणजे ती पुन्हा पडावयास फार दिवस लागतात. इमारत वाढते आणि मंडळी घटते. दुसरे, जे काढावयाचे ते सर्वांत शेवटी काढावे, आणि प्रथम बाहेरचे पुरे बांधून घ्यावे. तिसरे, धूळ, गैरसोय आणि मतभेद यांचा भार सर्वांनी वाटून घ्यावा. तो केवळ धर्मगुरूंवर व गवंड्यांवर टाकू नये. आणि शेवटचे, सांधा मोकळा ठेवण्याइतका धीर धरावा.

त्या खेड्यातील सांधा अजून भरलेला नाही. एक पावसाळा तरी जावयाचा आहे. पश्चिमेकडील डोंगरांवर ढग जमू लागले होते आणि मुकादम पन्हळीच्या मापासाठी दोरी घेऊन छपरावर चढला होता, तेव्हा आम्ही गावाचा निरोप घेतला होता. त्या पाण्याला ती पन्हळ पुरी पडो, आणि ती दोन दालने त्या गावाच्या मुलाबाळांनी भरून जावोत, हीच प्रभूचरणी प्रार्थना.